आडबंदरचं विरजण

एकतीस वर्षांच्या संसारात रेवती पाटणकरने नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती म्हणजे एक शब्द. माहेरी पाठवलेली मदत नाही, गुपचूप घेतलेली पैठणी नाही. चार अक्षरांचा, स्वयंपाकघरातला, घरोघरी माहीत असलेला मराठी शब्द. तो दीड वर्ष बिनबोभाट राहिला आणि मार्चमधल्या एका मंगळवारी, ती पोहे परतत असताना, भिंतीवरच्या फोनमधून बाहेर पडला.

"मॅडम, मी प्रणव केळुसकर. किनारा रक्षण मंडळातला इंजिनियर," फोन म्हणाला. "आडबंदरच्या बंधाऱ्याबद्दल जरा विचारायचं होतं. तिथल्या बचत गटाने पहिल्या आठवड्यात सात पाकिटं नेली. त्यानंतर एकही नाही."

"बरं मग?"

"मग असं, की एका घाण्याला एक पाकीट लागतं. त्या बायकांनी पाचशेच्या वर घाणे काढलेत आणि चारशे मीटर बंधारा उभा केलाय. सात पाकिटांत. मी विचारलं, कशाने बांधलात? तर म्हणाल्या, विरजणाने. तुमच्या पुस्तिकेत तसं छापलंय म्हणतात. पान चार."

टेबलाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, डॉ. उदयन पाटणकरने, वर्तमानपत्र खाली ठेवलं. रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, शासनाच्या परिभाषा समितीचा गेली वीस वर्षं अध्यक्ष. त्याने समोरच्या पडद्यावर ती पुस्तिका मागवली, पान चार काढलं आणि चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग शेवटचं पान काढलं. तिथे छापलं होतं : परिभाषा सल्लागार, डॉ. उदयन पाटणकर.

"रेवती," तो म्हणाला, "पोहे लागतायत."

झालं होतं ते असं. समुद्राची भरतीची रेघ गेल्या वीस वर्षांत चांगली वीतभर वर सरकली होती. खाडीकाठच्या गावांचे जुने मातीचे बंधारे आता उधाणाला दाद देत नव्हते. खारं पाणी विहिरीत शिरत होतं. मंडळाच्या शास्त्रज्ञांनी त्यावर भट्टीशिवाय बनणारी वीट काढली. वाळू घ्यायची, आंबट पाण्यात शिंपले विरघळवून ते पाणी त्यात घालायचं, थोडा युरिया घालायचा आणि वर पाकिटातली पूड. बारा तासांत साच्यातल्या वाळूचा दगड होतो. लोकांनी तिला शिंपवीट नाव दिलं. कृतीची पुस्तिका इंग्रजीत होती. भाषांतरं आता यंत्रच करत, पण कायद्याने शेवटी एका माणसाने ती वाचून सही करायची असे, आणि मराठीसाठी ती सही रेवतीची होती.

यंत्राने पाकिटातल्या पुडीला उदयनच्या समितीच्या परिभाषा कोशाप्रमाणे 'उत्प्रेरक' म्हटलं होतं. चूक काहीच नव्हती. पण रेवतीला एक खोड होती : सही करण्याआधी ती मजकूर कुंपणावरून शेजारच्या शमाभाभी मुजावरांना वाचून दाखवायची. त्यांना कळलं तर जगाला कळेल, असा तिचा हिशोब.

"उत्प्रेरक?" शमाभाभी कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या होत्या. "हे कुठल्या खोकल्याचं औषध म्हणायचं?"

"नाही हो. कोमट पाण्यात कालवून घालायचं, झाकायचं, बारा तास हलवायचं नाही. सकाळी घट्ट."

"मग विरजणच की वो, वहिनी! सरळ तसं लिवा की. एवढा जीभ मोडणारा शब्द कशाला?"

रेवतीने घरात जाऊन तो शब्द बदलला. यंत्राने विचारलं : हा शब्द परिभाषा कोशाशी जुळत नाही. तरी ठेवायचा? तिने क्षणभर आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे उदयन कोशाच्या पुढच्या आवृत्तीची मुद्रितं तपासत बसला होता, आणि 'होय'वर बोट ठेवलं. संध्याकाळी सांगू असं ठरवलं. संध्याकाळ गेली, मग आठवडा गेला, आणि मग सांगायला फार उशीर झाला. खोटं बोलणं एकवेळ सोपं असतं, राहून गेलेलं सांगणं महाकठीण.

उदयन ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने करपलेले पोहे शेवटच्या घासापर्यंत खाल्ले, ताटली उचलली आणि मग म्हणाला, "मराठीत विरजण पडतं म्हणजे काय होतं, माहीत आहे ना तुला? चाललेलं काम नासतं. माझ्या वीस वर्षांच्या कामावर तू विरजण घातलंस. माझ्याच नावाखाली."

"चुकले मी. सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी ठेवू दिला नसता."

"म्हणूनच नाही सांगितलं," रेवती म्हणाली, आणि हे बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच भरून आलं.

दुपारी केळुसकरचा दुसरा फोन आला. शुक्रवारी तपासणी होती. विटा निकामी ठरल्या तर बंधारा पाडण्याचा हुकूम निघणार, आणि मार्चमध्ये पाडलेला बंधारा पावसाळ्याआधी पुन्हा उभा राहणं अशक्य. म्हणजे भाद्रपदातल्या उधाणाला आडबंदरची चौदा घरं आणि गावाची एकुलती एक गोडी विहीर उघडी पडणार. पुस्तिकेवर ज्यांची नावं आहेत त्यांनी हजर राहावं, असं मंडळाचं म्हणणं होतं.

*

शुक्रवारी कोल्हापूरहून निघालेली गाडी स्वतःच चालत होती, त्यामुळे दोघांनाही रस्त्याकडे बघण्याचं निमित्त नव्हतं. गगनबावड्यापर्यंत उदयनने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. करूळचा घाट लागला आणि मात्र त्याला राहवेना. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला डोंगर दिसला की फळा दिसतो.

"हा घाट बघ," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वरून खाली कोकणात जायला सगळेच तयार असतात, पण आधी घाटाचा माथा चढावा लागतो. रासायनिक क्रियेचंही तसंच. वाळू आणि चुना एकमेकांना धरून दगड व्हायला नाही म्हणत नाहीत. निसर्गात हजारो वर्षांत तो होतोच. पण मध्ये घाट असतो. उत्प्रेरक काय करतो, तर डोंगरातून बोगदा काढतो. गाड्या भराभर पलीकडे. आणि बोगदा मात्र जिथल्या तिथे, जसाच्या तसा. एक गाडी गेली काय आणि लाख गेल्या काय, त्याच्यात काडीचा फरक पडत नाही. तो बदल घडवतो, स्वतः बदलत नाही. ही त्याची व्याख्या."

"काडीचाही फरक पडत नाही?"

"नाही."

"अशा एका बोगद्याबरोबर एकतीस वर्षं राहतेय मी."

उदयनने खिडकीबाहेर आणखी निरखून पाहिलं. पण त्याच्या गालाचा कोपरा हललेला रेवतीने काचेत पाहिला आणि तिच्या छातीवरचं ओझं पावशेर तरी उतरलं.

"बरं, मग पाकिटात काय आहे? बोगदाच?" तिने विचारलं.

"जिवाणू आहेत. साधे मातीतले, प्रयोगशाळेत सुधारलेले. ते युरिया फोडतात. त्यातून निघालेलं कार्बोनेट शिंपल्याच्या पाण्यातल्या कॅल्शियमला धरतं आणि त्याची चुनखडी होते. ती वाळूच्या कणाकणाला चिकटून बसते. पण हे काम जिवाणूंना जड जातं. शिवाय मंडळाने त्यांना मुद्दाम नाजूक ठेवलंय, गावभर पसरू नयेत म्हणून. पाकिटात त्यांचा खास खुराक असतो. तो संपला की दुसऱ्या घाण्याला निम्मे मरतात. तिसऱ्याला वाळू ती वाळूच."

"आणि पाचशेव्याला?"

उदयनने मान हलवली. "एक तर त्या बायका काहीतरी लपवतायत, नाहीतर तो बंधारा म्हणजे पोरांनी केलेला वाळूचा किल्ला आहे. आणि खरं सांगू? मला तिसरा पर्याय दिसत नाही."

"हा शब्द शमाभाभींचा होता," रेवती एकदम म्हणाली. आता सांगायचंच तर सगळंच सांगावं. "मी वाचून दाखवलं आणि त्या म्हणाल्या, विरजणच की."

"शेजारच्या शमाभाभी?"

"तू त्यांच्या दारात कधी गेला नाहीस म्हणून तुला नवल वाटतं. मी रोज जाते."

*

आडबंदर म्हणजे खाडीच्या कुशीतली चौदा घरं, एक देऊळ आणि एक विहीर. बंधारा लांबूनच दिसला. शिंपल्यासारख्या फिकट रंगाचा, माणसाच्या उंचीचा, खाडीच्या वळणाबरोबर वळत गेलेला. रेवतीला तो पाहताक्षणी आवडला आणि पाठोपाठ आजची तपासणी आठवली.

बचत गटाच्या प्रमुख जयवंतीकाकी तांडेल पदर खोचून उभ्या होत्या. साठीच्या, काटक, आवाज होडीवरून होडीवर पोचेल असा. केळुसकर आपलं दाबयंत्र गाडीतून उतरवत होता.

"येवा, येवा. घाट उतरान इलास, आधी सोलकढी घेवा," काकी म्हणाल्या. "बंधारो खंय पळान जाणा नाय."

उदयनने पेला हातात घेतला पण ओठाला लावला नाही. "बाई, मला आधी सांगा. सात पाकिटांत तुम्ही पाचशे घाणे कसे काढले?"

काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने भात कसा शिजवतात असं विचारलं होतं.

"पुस्तकात काय लिवलेला? 'विरजण घालावे, झाकून ठेवावे, बारा तास हलवू नये.' आमी तसाच केला. पयल्या घाण्यातला वाटीभर काढून ठेवला, दुसऱ्याक घातला. दुसऱ्यातला तिसऱ्याक. ता काय लिवचा लागता? विरजण कोण दर खेपेक इकत हाडता? लोक हसतले!"

"पण खुराक? पाकिटातला खुराक संपल्यावर?"

"सरलो. मगे पेज घातली."

"पेज?"

"तांदळाची. निवळ. जीव आसा ना तेच्यात? उपाशी ठेवून काम सांगूचा म्हणजे पाप."

काकी तिघांना मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे फळीवर चौदा मातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर खडूने घराचं नाव. झाकण उघडताच मुतारीत येतो तसा झोंबणारा वास आला. युरिया फुटल्याची खूण. म्हणजे आतलं काहीतरी जिवंत होतं आणि चोख काम करत होतं. उदयनने बरणीत जवळजवळ नाकच घातलं. रेवतीने त्याला असं करताना शेवटचं पाहिलं होतं ते लग्नाआधी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

"चौदाही बरण्यांतलं सारखंच लागतं?" त्याने विचारलं. आवाज बदलला होता. हा परीक्षकाचा आवाज नव्हता.

"सारखा कसा लागात? हाताहाताचो गुण आसता. एकदा ह्येचा घट्ट, एकदा तेचा सैल. मगे आमची रीत आसा. दर पंधरवड्याक ज्येचा बरा लागला, सगळ्यांनी तेच्याकडसून घेवचा. ज्येचा फसला, तेना ओतून टाकूचा, बरणी उन्हात ठेवची नि शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जावचा. लाज नाय त्यात. धयाचा नाय काय तसाच करणत?"

उदयन पडवीच्या पायरीवर बसला. त्याने सोलकढी एका घोटात संपवली, पेला बाजूला ठेवला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. केळुसकर घाबरून रेवतीकडे बघू लागला.

"अहो, काय झालं कळतंय का?" उदयन म्हणाला. "दर पंधरवड्याला चौदा बरण्यांची परीक्षा. सगळ्यात घट्ट वीट देणारी पास, बाकीच्यांचं पाणी बाहेर. पुन्हा तिच्यापासून चौदा नव्या. दीड वर्ष! आपल्या दृष्टीने दीड वर्ष, जिवाणूंच्या दृष्टीने शेकडो पिढ्या. जे फक्त पाकिटातल्या खुराकावर जगत होते ते पहिल्या महिन्यात मेले. त्यांतून चुकूनमाकून जे चार पेजेवर तगले, त्यांचंच पुढे वाढलं. आणि त्यांतले वाळूला घट्ट धरणारे तेवढे या बायकांनी निवडले. निवड, सलग निवड! प्रयोगशाळेत हे करायला माणसं आयुष्यं घालवतात. यांनी वाटी घेऊन शेजारी जाऊन केलं."

"पुस्तिकेत उत्प्रेरक लिहिलं असतं तर?" रेवतीने हळूच विचारलं.

उदयनचं हसू थांबलं. त्याने उघड्या बरणीचं झाकण पुन्हा नीट बसवलं.

"तर यांनी दर वेळी नवं पाकीट मागितलं असतं," तो म्हणाला. "उत्प्रेरक कोणी राखून ठेवत नाही."

*

पण आनंद म्हणजे तपासणी नव्हे. केळुसकर भला माणूस होता, तरी यंत्र यंत्रासारखंच होतं. बंधाऱ्यातून बारा ठिकाणच्या विटा काढायच्या, यंत्राच्या जबड्यात ठेवायच्या आणि फुटेपर्यंत दाबायच्या. दहाच्या वर आकडा गेला की वीट पास.

बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. पहिली वीट सर्वांत जुन्या भागातली, पाकिटातल्या पुडीची. ती अकरावर फुटली. ठीक. केळुसकर दुसऱ्या जागेकडे वळला, तोच जयवंतीकाकी पुढे आल्या.

"सायबांनू, थंयसून नको, हयसून काढा. ह्यो तुकडो भादव्यातलो. तेवा सगळ्यांचाच फसलेला. तीन वाव आसा. तो आमीच पाडून परत बांधतलव, म्हणान दगडावर खूण केलली आसा. बगा."

खरंच, त्या अठराएक फुटांच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ होती. वीट सातवर फुटली. मग पुढची : बारा. मग चौदा. देवळाजवळची सोळा. आणि गेल्या महिन्यात बांधलेल्या टोकाची वीट यंत्राने धरली तेव्हा आकडा दहा ओलांडून गेला, पंधरा ओलांडून गेला, आणि एकोणिसावर जाऊन मोठा आवाज झाला तेव्हा वीट नव्हे, यंत्राखालचा लाकडी पाटच फुटला होता. बायकांमध्ये एकच खसखस पिकली.

"मंडळाच्या प्रयोगशाळेतली वीट बारावर जाते," केळुसकर पुटपुटला.

तरी त्याचा चेहरा उजळेना. त्याने हातातला पडदा रेवतीपुढे धरला. "मॅडम, विटा उत्तम आहेत. पण अर्ज पास होणार नाही. रकाना चार बघा. 'वापरलेल्या उत्प्रेरकाचा पाकीट क्रमांक.' पाचशे घाण्यांना क्रमांकच नाही. क्रमांक नसेल तर यंत्रणा आपोआप 'अनधिकृत, पाडावे' असा शेरा मारते. एकच वाट आहे. रकाना नऊ. 'पुस्तिकेतील सूचनेत चूक होती काय?' होय म्हटलंत तर बायकांवर ठपका येणार नाही, पण बंधारा पाडावा लागेल. नाही म्हटलंत, तर त्यांनी सूचनेप्रमाणेच केलं असा अर्थ होतो. बंधारा राहील, मंडळ नमुने तपासून कायम करेल. पण जबाबदारी पुस्तिकेवर सही करणाऱ्यांची. उद्या काही झालं तर तुमची. आणि सरांची."

रेवतीने बंधाऱ्याकडे पाहिलं. पलीकडे भरती चढत होती. अलीकडे एक बाई विहिरीवरून कळशी भरून निघाली होती, आणि पाणी गोडं होतं. तिने उदयनकडे न बघता पडदा हातात घेतला, रकाना नऊमध्ये 'नाही' निवडलं आणि पुढे लिहिलं : 'विरजण हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. यंत्राने हटकलं होतं, तरी ठेवला. सल्लागारांना याची कल्पना नव्हती. जबाबदारी माझी एकटीची.' खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

उदयनने पडदा तिच्या हातातून काढून घेतला. वाचला. तो फार हळू वाचायचा, आणि आता तर युगं लोटल्यासारखी वाटली.

"एकटीची कशी?" तो म्हणाला. "सल्लागार म्हणून माझं नाव छापलंय. सल्ला द्यायला उशीर झाला एवढंच."

त्याने रेवतीच्या मजकुराखाली लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, जणू वर्गाला उतरवून देत होता : "'पुस्तिकेत चूक नाही. चूक परिभाषेत होती. उत्प्रेरक बदल घडवतो पण स्वतः बदलत नाही. या पाकिटातलं द्रव्य सजीव आहे, ते बदलतं, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणणं पहिल्यापासून चुकीचं होतं. योग्य शब्द : विरजण.' घ्या, केळुसकर. आणि एक बरणी प्रयोगशाळेत न्या. ते निर्धोक आहे की नाही, हे तपासल्याशिवाय दुसऱ्या गावाला देऊ नका. ही माझी अट."

रेवतीला त्याचा हात धरावासा वाटला, पण चौदा बायका बघत होत्या. तिने त्याचा रिकामा पेला उचलून आत नेऊन ठेवला आणि पडवीच्या अंधारात डोळे पुसले.

जयवंतीकाकींनी एका बरणीला फडकं बांधून उदयनच्या हातात दिली. "नेवा, मास्तरांनू. तिनसांज होवक अजून येळ आसा म्हणान दितंय. दिवो लागलो काय मी विरजण दिवचंय नाय. आणि बरणी रिकामी परत येवक नको हां."

"रिकामी येणार नाही," उदयन म्हणाला, आणि ती बरणी त्याने कोल्हापूरपर्यंत मांडीवर धरून आणली. घाटात गाडी वळली की तो तिला तान्ह्या मुलासारखी सावरत होता.

*

मंडळाचं पत्र यायला सहा आठवडे लागले. जिवाणू निरुपद्रवी निघाले. गोड्या पाण्यात ते जगतच नव्हते. बंधारा कायम झाला, गेरूच्या रेघांमधला तीन वाव तुकडा सोडून, आणि तो बायकांनी पत्राची वाट न बघता केव्हाच पाडून पुन्हा बांधला होता. पुढच्या दोन गावांनी आडबंदरकडे विरजण मागितलं होतं. उदयनने बरणी परत पाठवली ती कोल्हापुरी गुळाने भरून.

त्या संध्याकाळी रेवती बाहेरून आली तर घरात उदयन नव्हता. शेगडीवर कोमट दूध होतं. या घरात दही दुकानातून यायचं, रोज, एकाच दुकानातून, मोहोरबंद. हा उदयनचा नियम. तिने खिडकीतून पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. नवरा कुंपणापलीकडे, शमाभाभींच्या दारात उभा होता. हातात काहीच नव्हतं. बिचाऱ्याला वाटी नेतात हेही माहीत नव्हतं.

"काय सर, आज इकडं कुठं?" शमाभाभी म्हणत होत्या. "उत्प्रेरक संपला व्हय?"

"विरजण हवं होतं," उदयन म्हणाला, आणि घाईने पुढे, "अजून दिवे लागले नाहीत. मी बघून आलो."

शमाभाभींनी आपल्याच वाटीत विरजण दिलं. उदयन ती दोन्ही हातांनी धरून आला, रेवतीला विचारून दुधात बोट बुडवून पाहिलं, विरजण लावलं, झाकण ठेवलं आणि रात्री जेवताना दोनदा तिकडे बघितलं, पण हलवलं नाही. सकाळी दही असं लागलं होतं की सुरीने कापावं. पहिला चमचा त्याने तोंडात घातला नाही. एका छोट्या वाटीत काढून बाजूला ठेवला.

मग शमाभाभींची वाटी धुऊन त्याने तीत खडीसाखर भरली. वर एक कागद घडी घालून ठेवला आणि वाटी रेवतीकडे दिली. "तू देऊन ये. मला संकोच वाटतो."

रेवतीने कुंपणापाशी जाईपर्यंत धीर धरला आणि मग कागद उघडून पाहिला. परिभाषा कोशाच्या नव्या आवृत्तीचं मुद्रित होतं ते, एका नोंदीपुरतं कापलेलं.

'विरजण : जे मिसळल्याने बदल घडतो, जे त्या बदलाबरोबर स्वतःही बदलते, आणि जे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवता येते असे सजीव द्रव्य. (शब्द सुचवला : शमा मुजावर, कोल्हापूर.)'

कोशाच्या साठ हजार नोंदींत आजवर एकाही माणसाचं नाव नव्हतं. त्याबद्दल उदयन भलता कडक असे.

शमाभाभींनी खडीसाखर बाजूला सारली, चष्मा शोधला, कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा बोटाने ओळ धरून वाचला. मग कुंपणावरून एवढ्या मोठ्याने ओरडल्या की आत दही खात बसलेल्या उदयनलाही ऐकू गेलं.

"अवो वहिनी, ह्यात माझं नाव हाय की!"